कूस बदलायला दोघी लागतात

वृद्धाश्रमात पहिल्या दिवशी मला आधी बाग दाखवली. मग प्रार्थनेची खोली, भिंतीवरचा मोठा टीव्ही, न्हाणीघरातल्या न घसरणाऱ्या फरशा. दाखवणारे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक होते. तिथला सगळा कारभार तेच बघायचे आणि सगळे त्यांना सर म्हणायचे. मी चप्पल काढून फरशीवर पाय घासून पाहिला. फरशी खरोखर चांगली होती. मग विचारलं, "सर, सकाळच्या पाळीला माणसं किती?"

"आमच्याकडे अगदी घरच्यासारखं वातावरण आहे, ताई."

"ते झालं. माणसं किती?"

"सगळा स्टाफ सेवाभावी आहे. आसपासच्या गावांतल्याच बायका."

"किती?"

तिसऱ्यांदा विचारल्यावर आकडा बाहेर आला. बत्तीस म्हातारी माणसं, दिवसा सहा मावश्या, रात्री दोन. महाडच्या बाजारात तीस वर्षं कडधान्य विकते मी. समोरचा पोत्याच्या तोंडाशी असलेला दाणा हातावर घेऊन चमकवायला लागला की मी हात थेट तळाशी घालते. सर बाग दाखवत होते तेव्हाच मला कळलं होतं, तळाशी हात घालायला हवा.

फीवरून मी एक शब्द बोलले नाही. माझ्या ओळखीच्यांना हे खरं वाटत नाही, कारण पाव किलो मिरचीवरही मी घासाघीस करते. पण त्या दिवशी मी फक्त हातांचा भाव केला. म्हटलं, माझ्या बहिणीला उचलायचं तर एका वेळी दोघींनी. एकटीने तिला हात लावायचा नाही. आणि दिवसा दर दोन तासांनी तिची कूस बदलायची.

"ते आम्ही करतोच."

"मग लिहून द्या."

सर हसले. "ताई, हा काही भाताचा सौदा नाही."

"म्हणूनच लिहून द्या. सौद्यात माल परत करता येतो."

त्यांनी संस्थेच्या कागदावर, सुंदर अक्षरात, चार ओळी लिहून दिल्या. मुख्याध्यापकाचं अक्षर ते. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. सरांच्या चेहऱ्यावर तेव्हाच उमटलं होतं, ही बाई त्रास देणार. बरोबर ओळखलं त्यांनी.

आक्का माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी अकराची होते. आक्का तेव्हा लग्न होऊन, विधवा होऊन माहेरी परत आली होती. मला वाढवलं तिने, धाकट्या भावाला वाढवलं तिने. आमच्या कापडे गावाच्या बाजूला भाताच्या लावणीत तिला मान होता. रांगेच्या उजव्या टोकाला ती उभी राहायची आणि तिचा हात जिथवर पोचला तिथवर बाकीच्यांनी पोचायचं. मागे पडलेल्या बाईला ती शिवी द्यायची नाही, फक्त मान वळवून बघायची. ते बघणं पुरायचं.

मी बाजारात बसायला लागले ते तिच्या जिवावर. वाल भिजत घालायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि सोललेलं बिरडं पाटीत घेऊन महाडला यायचं. सोलायचं काम आक्काचं, विकायचं माझं. तिची बोटं इतकी भरभर चालायची की सालं वेगळ्या ढिगात पडतायत हे बघतानाही डोळा मागे राहायचा. पाटीचा गाळा झाला, गाळ्याचं दुकान झालं. नवरा गेल्यावर मी दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला आले आणि पुढे कापड्याला स्वतःच्या नावावर भाताची चार खाचरं घेतली. कुणी दिलं नाही मला काही. म्हणून कुणी माझ्याकडून काही उकळायला बघितलं की माझं डोकं फिरतं.

सत्तरीला आक्काला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. तोच हात.

पाच महिने मी तिला दुकानावरच्या खोलीत सांभाळलं. ठेवलेल्या बायका आठ-आठ दिवसांत सोडून गेल्या. एका सकाळी न्हाणीत ती माझ्या हातातून सुटली आणि आम्ही दोघी ओल्या फरशीवर बसून राहिलो, शेजारचा कापडदुकानदार हाक ऐकून वर येईपर्यंत. माझ्या कमरेत तेव्हापासून जी कळ आहे ती आजही आहे. त्यानंतर मी तिला आश्रमात ठेवलं. बाजारात बायका विचारायच्या, "ठेवलीस?" त्या 'ठेवलीस'मध्ये काय काय असायचं ते मला कळायचं. मी म्हणायचे, "हो, ठेवली. तू येतेस रोज उचलायला?" मग विषय भाजीच्या भावाकडे जायचा.

मुंबईच्या भावाने अर्जावर सही केली आणि सांगितलं, "आता तिथे जाऊन भांडू नकोस."

सुरुवातीचे महिने चांगले गेले, हे मी कबूल करते. कापड्याच्या वरच्या वाडीतली एक मावशी होती, चाळिशीची. भरलेली कळशी एका हाताने कडेवर घेणारी. ती आणि तिच्या जोडीची, अशा दोघी मिळून आक्काला वळवायच्या. आक्का पडल्या पडल्या हुकूम सोडायची.

"आधी खांदा, मग कंबर. भाताचं पोतं नाय मी."

"पोतं परवडलं, आक्का. पोतं बोलत तरी नाय," मावशी म्हणायची.

"बोलत नाय म्हनून त्याला उंदीर खातात."

हे ऐकून मी निर्धास्त परत यायचे. एसटीत मला झोप लागायची.

मग गेल्या वर्षीची लावणी आली. जून कोरडा गेला होता. त्यामुळे सगळ्यांची रोपं एकदमच तयार झाली, सगळ्यांची खाचरं एकाच आठवड्यात चिखलून झाली आणि सगळ्यांना एकाच वेळी बायका हव्या झाल्या. वाड्यांतली तरणी माणसं मुंबईला. उरलेले हात मोजके. वरच्या वाड्यांतून बायका आणणारा एक जीपवाला आहे. त्याच्या नऊ बायका माझ्या बांधाला लागून शेत असलेल्या शेजाऱ्याने आधीच सांगून ठेवल्या होत्या. मी जीपवाल्याला दुकानात बसवलं, चहा पाजला आणि अर्ध्या तासात त्या नऊ बायका पाच दिवसांसाठी माझ्याकडे वळवल्या. मजुरी जास्त, दुपारचं जेवण माझं, दोनदा चहा आणि जीप प्रत्येकीच्या दारापर्यंत. शेजाऱ्याच्या तोंडचा घास मी काढून घेतला. मला त्याचा आनंद झाला. खोटं कशाला लिहू?

पहिले दोन दिवस मी दुकानातच होते. गडी शेतावर होता, भात-आमटीचं पातेलं जीपमधून जायचं. त्या दोन दिवसांत मी आश्रमातही गेले नाही. फोन केला तेव्हा सर म्हणाले, "सगळं ठीक आहे." तिसऱ्या दिवशी जेवण घेऊन मी स्वतः शेतावर गेले. पाऊस चालू होता. बायका वाकलेल्या, डोक्यापासून पाठीवर प्लास्टिकच्या खोळी, दिसत होते फक्त हात. हात चांगले चालले होते. मी बांधावरून ओरडले, "चला गो, जेवून घ्या." एकेकीने कंबर सरळ केली, खोळ मागे सारली आणि त्यांतली एक माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, आक्का बऱ्या हायत ना?"

आश्रमातली मावशी होती ती.

"ते मी तुला विचारायचं," मी म्हटलं. "तू इथे काय करतेस?"

"लावणी," ती म्हणाली आणि बाकीच्या फिसकन हसल्या.

तिच्या मागे तिच्या जोडीची उभी होती. आणखी एक, सकाळच्या पाळीची, पातेल्याजवळ हात धूत होती. नऊपैकी तीन.

"आश्रमात कोण आहे मग?"

"दोघी हायत ना."

"बत्तीस माणसांना दोघी?"

"दरवर्षी असंच असतंय, ताई. आमी काय पळून नाय आलो. सरांना सांगून आलो. चौघी निघालो. एक तिच्या सासरच्या शेतात गेली, आमी तिघी हिकडं."

"माझं शेत आहे हे तुला ठाऊक होतं?"

"जीपवाला म्हनला बाजारातली शेठानी हाय, जेवान चांगलं घालते." ती भात वाढून घेत म्हणाली. "जेवान चांगलंच हाय."

मी त्याच जीपमध्ये बसून आश्रमात गेले. वाटेत मी कुणाकुणाला शिव्या देत होते ते जीपवाल्याने मोजलं असेल. मला आठवतं ते एवढंच की शिव्यांची यादी फिरून फिरून माझ्यापाशी येत होती आणि मी ती परत ढकलत होते.

आक्का उताणी पडली होती. मला बघताच तिने पहिलं काय विचारलं असेल? "लावनी कुठवर आली?"

"पाठ दाखव."

"बांधावर कोन हाय मग? तू अशी मधेच आलीस?"

तिथे उरलेल्या दोघींपैकी एकीला मी ओढत आणलं आणि आम्ही आक्काला वळवलं. माकडहाडावर रुपयाएवढी कातडी गेली होती. आतलं लालभडक. भोवती काळसर वळ.

"तुला शेवटचं कधी फिरवलं?"

"सकाळी."

"तीन वाजलेत आता!"

"मला काय म्हाईत? माझ्याकडं घड्याळ हाय?" मग तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "बोंबलू नको गो. पोरी लावनीला गेल्यात. लावनी थांबते का कुनासाठी?"

"कुणाच्या लावणीला गेल्यात माहीत आहे?"

"कुनाच्या?"

"माझ्या."

 आक्का अर्ध्या तोंडाने हसायला लागली, इतकी की खोकला आला. "मग जा, सरळ लावतायत का बघ. नायतर दोन्हीकडनं गेलीस."

मला हसू आलं नाही. ती हसली म्हणून जखम लहान होणार नव्हती.

सर कार्यालयात पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली. दुकानात गिऱ्हाइकं ऐकतील म्हणून जो आवाज दाबते तो दाबला नाही. सरांनी मला पूर्ण बोलू दिलं, चष्मा काढला, पुसला आणि शांतपणे म्हणाले, "ताई, बायका तुमच्याच शेतात आहेत."

त्यांना ठाऊक होतं. जीप रोज आश्रमाच्या फाटकावरूनच तर जायची.

"जास्त मजुरी देऊन तुम्हीच त्यांना नेलंत," ते पुढे म्हणाले. "आता तुम्हीच मला विचारताय की माणसं कुठे आहेत. याला काय म्हणावं?"

  विषय संपल्यासारखी सरांनी पेपरची घडी नीट केली. ती घडी बघून मी टेबलावर दोन्ही हात टेकले.

"हो, मी नेल्या," मी म्हटलं. "मला ठाऊक नव्हतं तरी नेल्या. माझी चूक माझ्यापाशी. पण मी नेल्या नसत्या तर शेजाऱ्याने नेल्या असत्या. त्याचं तर सगळं ठरलं होतं. तुमच्या चार बायका जाणार हे तुम्हाला माहीत होतं की नाही?"

"लावणीत सगळीकडेच अडचण असते."

"मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसांची गर्दी होते. दरवर्षी होते. आमच्या बाजारात कुणी असं म्हणतं का, की अचानक आली? महिनाभर आधी माल भरतो, जादा माणूस ठेवतो. लावणीही दरवर्षी येते, सर. तुम्ही काय केलंत आधी?"

"ही लहान संस्था आहे. आम्ही आमच्या परीने करतो. तुम्हाला समाधान नसेल तर तुम्ही पेशंट घेऊन जाऊ शकता."

मी पर्समधून त्यांच्याच अक्षरातला कागद काढून टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचलाही नाही. "हे साधारण धोरण म्हणून लिहिलं होतं," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी भावाचा फोन आला. सरांनी त्याला कळवलं होतं. "ते तिला काढतील गं," तो म्हणाला. "मग कुठे नेणार? तुझी कंबर ही अशी. माझं घर एवढंसं. जरा नमतं घे." तो चुकीचं बोलत नव्हता. आक्काला काढलं तर तिची कूस बदलायला पुन्हा मी एकटी, आणि ती जखम माझ्या खोलीत वाढणार, हे मला त्याच्याआधी कळलं होतं. मी नमतं घेतलं नाही, फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप भरते तिथे जाऊन उभी राहिले आणि मावशीला सांगितलं, "तुम्ही तिघी परत जा. आश्रमात."

"नाय जानार."

"तुझ्या हाताखालची माणसं सडतायत तिकडे!"

"आन् आमी?" ती पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलली. "तिकडं बारा तास उभं. आठवड्याची सुट्टी नाय. मागितली तर म्हनतात, दुसरीकडं बघ. आक्काला वळवायला दोघी लागतात म्हनून तुमी लिहून घेतलंत, ते बरं केलंत. त्या दोघी घरी कधी जातील ते लिहून घेतलंत का? वर्साला हे चार दिवस बाहेरची हवा लागते आमाला. तुमीच बोलावलंत, आता तुमीच हाकलताय?"

 मावशीला बहुतेक वाटलं, जास्त झालं. ती जरा हसून म्हणाली, "एवढंच हाय तर तुमी जा की माझ्या जागेवर. सावड समजा."

सावड म्हणजे आमच्याकडची जुनी रीत. आज तू माझ्या खाचरात राब, उद्या मी तुझ्या. हात हातानेच फेडायचे. कापड्याला आक्काच्या काळी सगळी लावणी अशीच व्हायची. आता मजुरीने बायका आणतात, शब्द फक्त थट्टेत उरलाय. जीपमध्ये हशा पिकला. शेठाणी आश्रमात डायपर बदलणार!

"चालेल," मी म्हटलं.

मावशीने जीपवाल्याला निघायची खूण केली.

दोन दिवस मी तिच्या जागी काम केलं. सकाळी सातला गेले. उचलायचं काम तिथल्या मावशीबरोबर जोडीने, बाकीचं एकटीने. पहिल्या तासात मला कळलं की सरांनी पहिल्या दिवशी सांगितलेला सहाचा आकडाही तोकडा होता, आणि मी, हिशोबी बाई, तो आकडा मिळाल्यावर थांबले होते. कारण सहापैकी एक स्वयंपाकघरात असते, एक कपड्यांना असते. उरल्या चार, म्हणजे जोड्या दोन. एका माणसाला वळवून, पुसून, कोरडं करून, उशा लावून होईपर्यंत पलीकडच्या खाटेवरून हाक येते. जुन्या साडीची चौघडी करून ती अंगाखाली सरकवायची आणि दोन बाजूंनी धरून माणूस वर ओढायचा, ही युक्ती मला त्या मावशीने शिकवली. पाच महिने घरी आक्काला मी काखेत हात घालून ओढत होते. कुणी सांगितलंच नव्हतं.

एक आजोबा होते, पोस्टातून निवृत्त झालेले. दर घासाला ते विचारायचे, "किती वाजले?" मी सांगायचे. ते मान डोलवून पुढचा घास घ्यायचे. घाई केली की तोंड मिटून घ्यायचे. त्यांना जेवायला चाळीस मिनिटं लागली. लावणीच्या दिवसांत त्यांना कोण चाळीस मिनिटं देत असेल? मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "पेज देतो. पेज लवकर जाते."

आक्का मला बघत होती. तिला मजा वाटत होती. "खांदा आधी," ती म्हणायची. "तुला शिकवून मी दमले."

दुसऱ्या दिवशी दुपारी सर फेरी मारायला आले. सोबत संस्थेचे दोन देणगीदार होते. माझ्या हातात ओला कपडा होता. सर त्यांना म्हणाले, "या ताई बघा. महाडच्या मोठ्या व्यापारी. स्वतः येऊन सेवा करतात. नातेवाइकांनी असा सेवाभाव दाखवला तर संस्थेला किती आधार मिळेल. मी तर सूचनाफलकावर लावणार आहे, आठवड्यातून एक दिवस प्रत्येक कुटुंबाने..."

मी तो ओला कपडा बादलीत टाकला.

"हा सेवाभाव नाही, सर. हा तुमचा खाडा आहे. तो मी भरतेय."

देणगीदार बागेकडे बघायला लागले.

मला त्यांचा बेत तळापर्यंत दिसला. फुकटचे हात एकदा मिळाले की मोलाचे हात कोण ठेवतो? माझी सावड मावशीशी होती. ती माझ्या खाचरात वाकली होती म्हणून मी तिच्या खाटांपाशी वाकले होते. संस्थेला मी काही द्यायला आले नव्हते. मी तशीच कार्यालयात गेले, मागोमाग सर आले. हजेरीचं रजिस्टर टेबलावर होतं. उघडलं. मावशीच्या नावापुढे, जोडीच्या नावापुढे, त्या आठवड्याच्या प्रत्येक दिवशी हजर लिहिलेलं होतं. चौघीही हजर. सुंदर अक्षरात.

"सर, यातल्या तिघी माझ्या शेतात होत्या."

"तपासणीला लागतं, ताई. सगळीकडे असंच करतात."

मी पेन उचललं आणि त्या दोन तारखांच्या खाली, जागा सापडली तिथे, लिहिलं: मावशी लावणीला गेल्या, त्यांच्या जागी पेशंटच्या बहिणीने सात ते सात काम केलं. खाली सही केली. सर "अहो, अहो" म्हणत होते. मुख्याध्यापकाच्या वहीत परवानगीशिवाय कुणी लिहिण्याची त्यांना सवय नसावी.

"महिनाअखेर तुमच्या बहिणीला घेऊन जा," ते म्हणाले.

"नेते. कारण लिहून द्या."

"कारण काय लिहायचं? तुमचं वागणं!"

"तसं लिहा. वागणं म्हणजे नेमकं काय केलं तेही लिहा. रजिस्टरमध्ये काय लिहिलं आणि का लिहिलं, सगळं."

ते बसले. मीही बसले. कंबर ठणकत होती, पण ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. सौद्यात कधीकधी बोलायचंच नसतं, समोरच्याला त्याच्या मालाकडे बघत बसू द्यायचं असतं. ते त्या उघड्या पानाकडे बघत होते. त्यांनी काही लिहिलं नाही. महिनाअखेर आली आणि गेली, आक्का तिथेच राहिली.

त्यानंतर चार महिने मी घासाघीस केली. आठवड्यातून दोनदा, कधी सरांशी, कधी त्यांच्या वरच्या मंडळींशी. मिळालं ते असं: कोण कोणत्या पाळीला आहे त्याचा फळा दारातच, येणाऱ्याला दिसेल असा. लावणीच्या महिन्यापुरत्या महाडच्या दोन जादा बायका. मावश्यांसाठी दर आठवड्याला एक सुट्टी मागितली होती, पंधरवड्याला एक मिळाली. मावशी म्हणाली, "अर्धीच की." मी म्हटलं, "उरलेली तू माग, मी मागे उभी राहते." तिने मागितली नाही अजून. तिला नोकरीची भीती आहे आणि ती भीती खरी आहे.

फी वाढली. बाकीचे नातेवाईक आता मला टाळतात. पोस्टातल्या आजोबांची सून मला फाटकातच म्हणाली, "तुमच्या भांडणामुळे आम्हाला भुर्दंड." मी विचारलं, "सासऱ्यांना जेवायला किती वेळ लागतो, माहीत आहे तुम्हाला?" ती स्कूटर चालू करून निघून गेली. भावानेही महिनाभर फोन केला नाही. एवढं सगळं करून माझ्या पदरात काय, तर भांडखोर बाई. बरं. भांडखोर तर भांडखोर.

यंदा मी जीपवाल्याच्या आधी आश्रमात गेले. कोण कधी जाणार ते फळ्यावर मांडून घेतलं. दोघींच्या वर एका वेळी सुट्टी नाही, आणि दोघी गेल्या की महाडच्या दोघी त्यांच्या जागी. त्या हिशोबात गुंतले तोवर जीपवाल्याच्या बायका बाकीच्यांनी सांगून ठेवल्या आणि माझा नंबर गावात सगळ्यांत शेवटी लागला. रोप हातभर वाढलं होतं, शेंडे खुडून लावावं लागलं. शेजारी बांधावर उभा राहून म्हणाला, "शेठानी, औंदा भाऊबीजेला लावनी काय?" गेल्या वर्षीचं त्याचं देणं होतं, फेडून घेतलं त्याने.

आक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हातारं रोप फुटत नाय गो. भात कमी येईल."

"येऊ दे कमी."

"तू असं बोलतेस?" तिने भुवई उचलली. एकच उचलता येते तिला. मग मावशी आणि महाडची नवी मुलगी आल्या, साडीची चौघडी सरकवली. आक्का म्हणाली, "खांदा आधी," आणि दोघींनी तिला खिडकीकडे वळवलं.

जखम भरायला बरेच महिने लागले. तिथे आता पातळ, चकचकीत कातडी आहे, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. ती कधीही पुन्हा जाऊ शकते. मी गेले की आधी तिथेच बघते. परवा मी वाकून बघत होते तेव्हा सर दारात येऊन उभे राहिले.

"सगळं इतकं व्यवस्थित चाललंय, ताई," ते म्हणाले. "तरी प्रत्येक वेळी बघता. आमच्यावर विश्वास नाही का?"

"नाही," मी म्हटलं. "आणि जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."